भर दुपारचा पिवळा

पंचफुला तायडे यांनी रंगवलेलं एक पान माझ्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेलं आहे. ते प्रेसमध्ये हरवलं असं मी त्यांना सांगितलं होतं. ते हरवलेलं नाही. कधीच हरवलं नव्हतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. कपाट आवरताना तिने एकदा विचारलं होतं, "हे पिवळं काय आहे हो?" मी म्हणालो, "जुनं काहीतरी आहे, राहू दे." तिने राहू दिलं. मी कमी बोलणारा माणूस आहे, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला घरात फारसे प्रश्न कोणी विचारत नाही. त्या सोयीचा मी भरपूर फायदा घेतला.

पण ते पान काय आहे हे कळायचं, तर आधी फुलाताई कळायला हव्यात.

आमची पहिली भेट अमरावतीला, चित्रकलेच्या डिप्लोमाच्या वर्गात झाली. सरांनी सगळ्यांची चित्रं भिंतीला टाचली होती. तांब्या, वांगी, मागे पडदा. माझ्या वांग्याचं कौतुक झालं होतं, कारण माझी रेघ चांगली होती. ती आजही चांगली आहे, हे इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक उंच, सावळी मुलगी उठली, भिंतीपाशी गेली आणि विचारल्याशिवाय तिने माझं चित्र काढून उलटं टाचलं. खाली डोकं, वर पाय.

"आता पाह्य," ती मला म्हणाली. "उलटं केलं का गोष्ट खाली पडते. मंग जे राह्यते ना, थो रंग."

माझ्या चित्रात काहीच राहिलं नव्हतं. करडं होतं सगळं. वर्ग हसला. ती मात्र हसली नाही, मान वाकडी करून बघत राहिली आणि म्हणाली, "वांगं लय देखणं हाय तुहं. पण निरा उपाशी हाय बिचारं."

मग तिने स्वतःचं चित्रही उलटं केलं. तांब्या दिसेना, वांगी ओळखू येईनात, पण कुणीतरी घाईघाईत स्वयंपाक सोडून बाहेर गेलं आहे असं काहीतरी त्या रंगांतून वाटत होतं. कसं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पोटात एक बारीकसा चिमटा बसला, एवढं आठवतं. पुढची सगळी वर्षं त्या चिमट्याने मला सोडलं नाही.

त्या वलगावच्या. बोलणं अस्सल वऱ्हाडी, 'ळ'ला 'य' म्हणायचं, त्यामुळे पिवळा त्यांच्या तोंडी कायम 'पिवया'. वयाने माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. वर्गात मला 'अरे-तुरे' करायच्या. पुढे आम्ही दोघंही शाळांत चित्रकला शिकवायला लागलो, मी शहरात आणि त्या भातकुलीकडे, तेव्हा 'मास्तर' आणि 'तुमी' सुरू झालं. सूर तोच राहिला. कागदावर रंग देण्याआधी तो डाव्या मनगटावर लावून बघायची त्यांना सवय होती. त्यामुळे मनगटावर कायम चार-पाच पट्टे. एसटीचा कंडक्टर एकदा म्हणाला, "मॅडम, होळी जाऊन महिना झाला नं?" त्या तिकीट घेता घेता म्हणाल्या, "तुमची गेली असन भाऊ. माही अजून चालू हाय." सगळी बस हसली. मी शेजारी बसलो होतो. मला असलं काही कधी सुचत नाही. रंगाचं सोडा, मला त्यांच्या या हजरजबाबीपणाचाही हेवा वाटायचा.

आम्हाला एकत्र आणलं ते गावंडेभाऊंनी. अमरावतीत त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, आणि उतारवयात त्यांना लहान मुलांची चित्रपुस्तकं काढायची हौस आली. आपल्याकडची, आपल्या गावची, मोठ्ठ्या चित्रांची आणि पानावर दोन ओळींची. त्यांनी रेघेसाठी मला बोलावलं आणि रंगासाठी फुलाताईंना. कामाची रीत अशी ठरली की माझी रेघ माझ्या कागदावर राहील. तो कागद काचेवर ठेवायचा, काचेखाली दिवा लावायचा, वर दुसरा कोरा कागद घालून फुलाताईंनी फक्त रंग भरायचा. मग दोन्ही कागद मी घरी स्कॅन करायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. छपाई अकोल्याला. म्हणजे प्रत्येक पानाचे दोन कागद असत. एकावर नुसती रेघ, दुसऱ्यावर नुसता रंग. मुखपृष्ठावर 'चित्रे' म्हणून माझं नाव. 'रंग' म्हणून त्यांचं नाव आत, किमतीच्या शेजारी.

त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं भांडण निराळंच असायचं. रुसलेल्या मुलाचं एक पुस्तक आम्ही करत होतो. बाबा घरी येईपर्यंतची सगळी गोष्ट एकाच खोलीत घडते. फुलाताईंनी खोलीची भिंत पहिल्या पानावर पोपटी केली, दुसऱ्यावर शेवाळी, तिसऱ्यावर चिखलासारखी. मी म्हणालो, "ताई, घर एकच आहे. भिंतीचा रंग पानापानाला कसा बदलेल?"

"तुमी कधी रुसले नाई का मास्तर?"

"रुसलो असेन."

"मंग रुसल्यावर भित तशीच दिसते का?"

त्या ब्रश धुता धुता म्हणाल्या, "हे पाहा. तुमची रेघ सांगते का हे पोट्टं हाय, हे खाट हाय, हे दार हाय. लय कामाची हाय. पण त्या पोट्ट्याच्या जीवात काय होऊन राह्यलं, थे रेघेले नाई समजत. थे रंगाले समजते. आन ज्याले अजून वाचता येत नाई ना, थे लेकरू आधी रंगच वाचते."

हे त्या सहज बोलायच्या, डबा खाता खाता. मी मात्र घरी येऊन ते घोकत असे आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात स्वतःचं म्हणून सांगत असे.

खरा घाव बसला तो वलगावच्या शाळेत, आणि तो घालणारा हात माझाच होता. पुस्तक छापण्याआधी त्याच्या साध्या प्रती काढून आम्ही एखाद्या शाळेत वाचून बघायचो. त्या दिवशी रुसलेल्या मुलाच्या पुस्तकाच्या प्रती मी काढल्या होत्या. घाईत संगणकावर रेघेचा थर चालू करायचा राहिला. शाळेत पोचून पिशवी उघडली तर प्रत्येक पानावर नुसते रंग. रेघेचा पत्ताच नाही. ना डोळे, ना नाक, ना झाड, ना खाट.

मी प्रती परत पिशवीत कोंबल्या. म्हणालो, "ताई, आज राहू द्या. पुन्हा येऊ."

"कावून? लेकरं बसून हायेत. पाहू तं खरं काय होते."

त्या वर्गात शिरल्या आणि सतरंजीवर मुलांच्या मध्येच बसल्या. पान धरलं, दोन ओळी वाचल्या, पान उलटलं. भिंत पोपटीची शेवाळी झाली तशी पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "तो रागावला." चिखलाच्या पानावर सगळे चिडीचूप. आणि शेवटी दाराच्या फटीतून केशरी उजेड आत येतो त्या पानावर अख्खा वर्ग एकदम ओरडला, "आला, बाबा आला!" बाबाची रेघ कुठेच नव्हती. होता तो नुसता एक केशरी पट्टा.

मी दारात उभा होतो. माझी रेघ तिथे नव्हती आणि ती कुणाला आठवलीही नाही. परतताना गाडीवर फुलाताई मागून म्हणाल्या, "मास्तर, आजची चूक तुमी लय भारी केली. आपल्याले कई सुचलं नसतं." त्या मनापासून खूश होत्या. मी म्हणालो, "हो ना." गाडीच्या आरशात माझा चेहरा मला दिसत होता. त्याचा रंग काय होता हे त्यांनी बघितलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं.

ही हकीकत गावंडेभाऊंच्या कानावर गेली. ते एक दिवस दुकानात मला म्हणाले, "मास्तर, एक सांगू का? वाईट नका वाटून घेऊ. येत्या पुस्तकावर फुलाताईचं नाव पहिलं टाकू. मुखपृष्ठावर. तुमचं खाली." मी म्हणालो, "अवश्य. तसंच पाहिजे." चहा प्यायलो. घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. पण मी तसाही बोलत नाही, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते पुस्तक बाजाराचं. चिंगी नावाची मुलगी आईबरोबर अचलपूरच्या बाजाराला जाते, आई फुलं विकायला बसते, चिंगी हरवते आणि सापडते. एवढीच गोष्ट. आईचं लुगडं फुलाताईंनी गर्द जांभळं केलं होतं. इतर कुठल्याच वस्तूला त्यांनी तो जांभळा दिला नाही; वांग्यांच्या ढिगालासुद्धा नाही. "वांगे हिरवे करते," मला म्हणाल्या, "जांभया फक्त मायचा." पानापानावर तो जांभळा कमी होत जातो, कोपऱ्यात सरकत जातो, आणि मग ते पान येतं जिथे चिंगीला कळतं की आपण हरवलो.

मी त्या पानाची रेघ काढून दिली होती. मुलगी, भोवती पायांची गर्दी. भीती म्हणजे काळोख असंच माझ्या डोक्यात होतं. मी पायांखाली सावल्यांच्या रेघा घालून ठेवल्या होत्या, म्हणजे त्यांनी काळा-निळा द्यावा. त्यांनी माझ्या सगळ्या सावल्या सोडून दिल्या आणि पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच पिवळा दिला. असा पिवळा की डोळे बारीक करावे लागत. त्या कागदावर चिंगीसुद्धा नव्हती, तिच्या जागीही पिवळाच.

"हे काय ताई? ही तर भीतीची जागा आहे."

"मंग?"

"निदान निळा तरी हवा होता. रात्रीसारखा."

"निया माह्या घरी भिंतीवर पुरे हाय," त्या हसल्या. मग ब्रश खाली ठेवून म्हणाल्या, "मी हरवली होती मास्तर. लायनी होती तवा. याच बाजारात. भर दुपार होती, एप्रिलचं ऊन. मायचा हात सुटला, आन मी वर पायलं, तं कोणीच नोतं. मानसं होते, पण दिसूनच नाई राह्यले. सारं पिवयं. आंधारात भेव वाटते थे तं साऱ्याइले मालूम हाय. पण आपल्या इकडचं लेकरू उजेडात हरवते. आन उजेडात हरवलं का लपाले बी जागा नसते."

पुढच्या पानावर पिवळा तसाच होता, फक्त वरच्या कोपऱ्यात नखाएवढा जांभळा ठिपका. आई. रेघेने आई काढायच्या आधी मुलं तिथे ओरडणार हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. मला हेही कळलं की मी जन्मभर रेघा ओढल्या तरी असं पान माझ्या हातून होणार नाही. आणि त्या पुस्तकावर माझं नाव खाली येणार होतं.

त्याच सुमारास फुलाताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. साखरेचा त्रास होता, म्हणून लवकर आला. त्यांची मुलगी सोनल अकोल्याला असते. ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं, आधी एक डोळा, मग महिन्याभराने दुसरा. सगळी पानं माझ्या हवाली करताना त्या म्हणाल्या, "छपाईच्या वख्ती मी नाई मास्तर. तुमीच माहे डोये."

हे वाक्य मी इथे लिहितो आहे तेव्हाही माझा हात थांबतो.

दुपारची वेळ होती. घरात कोणी नव्हतं. मी पानं स्कॅन करत होतो. पिवळं पान पडद्यावर आलं तसा खोलीच्या भिंतीवर त्याचा उजेड पडला. संगणकात रंग कमी-जास्त करायची एक पट्टी असते. मी ती डावीकडे सरकवली. थोडीशी. पिवळा मावळला. अजून थोडी. पिवळ्याचं शिळं वरण झालं. पुढच्या पानाचंही तसंच केलं. जांभळ्या ठिपक्याला मी हात लावला नाही, पण त्या मळकट रंगावर तो जांभळा राहिला नाही, डाग झाला. मी फाइल साठवली आणि अकोल्याला पाठवून दिली. प्रेसवाल्याने विचारलं, "हे दोन पानं असेच पायजेत का?" मी म्हणालो, "असेच."

मला काय हवं होतं? त्यांची अब्रू जावी असं नव्हतं मनात. एकदा, फक्त एकदा, फुलाताईंच्या रंगावर मुलं गप्प बसावीत आणि त्यांनी माझ्या रेघेकडे बघावं, एवढंच हवं होतं. एवढंच म्हणजे किती, हे तेव्हा कळलं नाही.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर त्यांचं नाव वर, माझं खाली. गावंडेभाऊंनी वलगावच्या त्याच शाळेत वाचून दाखवलं. बाजाराच्या पानांवर मुलं खूप हसली, बोलली. हरवायच्या पानाशी आली आणि एकाने विचारलं, "सर, पाऊस येणार आहे का?" ठिपक्याच्या पानावर कोणी ओरडलं नाही. माझ्या रेघेकडेही कोणी बघितलं नाही. पान उलटलं गेलं.

मी प्रती घेऊन अकोल्याला गेलो. फुलाताईंचा उजवा डोळा झाला होता, डावा व्हायचा होता. त्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. पुस्तक हातात घेतलं, आधी नाकाशी धरून वास घेतला, मग एकेक पान. हरवायच्या पानाशी थांबल्या. मग तळव्याने डावा डोळा झाकला, पाहिलं. मग उजवा झाकला, पाहिलं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा.

"सोनल," त्यांनी आत हाक मारली, "डाक्टर काय म्हनत होता व? मोतीबिंदूत कसं दिसते?"

"सगळं पिवळट दिसतं म्हणाले होते," सोनल आतून म्हणाली. "का गं आई?"

"काई नाई." त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "मास्तर, जुन्या डोयानं पायलं तं अजून जरासं पिवयं दिसते. नव्या डोयानं पायलं तं निरा मातकट. मी असंच दिलं होतं का जी?"

इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य अवघड नव्हतं. मी मान हलवली. हो म्हणून.

"म्हंजे पिवया कागदावर नोताच," त्या हळू म्हणाल्या. "माह्या डोयात होता."

मग म्हणाल्या, "माहा कागद कुठी हाय? एकडाव नव्या डोयानं पाहून घेते." बाकीचे सगळे कागद मी बरोबर आणले होते, त्यांना परत करायला. हे पान आणि ठिपक्याचं पान मी घरी काढून ठेवलं होतं. ठिपक्याचं मी नंतर जाळलं. हे एक जाळवलं नाही. मी म्हणालो, "ती दोन पानं प्रेसमध्ये हरवली ताई. मी खूप शोधलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पायलं असतं तं जीव जयला असता." आणि वर मलाच समजावलं, "तुमी नका वाईट वाटून घेऊ मास्तर. तुमी काय करसान? जे मी दिलं थेच छापसान ना."

त्यानंतर त्यांनी रंग सोडला. दुसरा डोळाही छान झाला, डॉक्टर खूश होते, पण त्या म्हणाल्या, आता कोणत्या डोळ्यावर भरोसा ठेवू? एवढे दिवस आपण लेकरांना काय काय दाखवलं असेल आणि त्यात खरं किती, हीच धास्ती त्यांच्या मनात बसली. रंगांचा डबा भातकुलीच्या शाळेला दिला. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा गावंडेभाऊंना फोन करून स्वतःचं नाव काढायला लावलं. "लेकराच्या हाती चुकीचा रंग दिला, त्याच्यावर नाव कशाले?" भाऊंनी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. आता मुखपृष्ठावर माझं एकट्याचं नाव आहे.

त्यापुढची पुस्तकं मीच रंगवतो. ती नीटनेटकी असतात. आकाश निळं, झाडं हिरवी, रात्र काळी, भिंत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच रंगाची. कुणाची तक्रार नसते. वाचताना मुलं कुठे ओरडत नाहीत.

अकोल्याला मी अधूनमधून जातो. फुलाताई आता तिथेच असतात, सोनलकडे. दरवेळी ते पान पुठ्ठ्यात घालून पिशवीत टाकतो, दरवेळी चहा पिऊन, साखर किती, ऊन किती असं बोलून ते तसंच परत आणतो. या उन्हाळ्यातही गेलो होतो. सोनलची मुलगी परी आता चार-पाच वर्षांची झाली आहे. मी खुर्चीवर, पिशवी पायाशी, आणि फुलाताई खिडकीखाली सतरंजीवर बसून परीला तेच पुस्तक वाचून दाखवत होत्या. बाजार आला, हिरवी वांगी आली, फुलं आली. जांभळा सरकत सरकत कोपऱ्यात गेला. त्यांनी दोन पानं बोटांनी एकत्र धरली आणि एकदम उलटायला घेतली. मग मध्येच थांबल्या.

"परे, डोये मिट."

परीने मिटले.

"आता त्या खिडकीकडं तोंड कर. उन्हाकडं. डोये नाई उघडाचे. काय दिसते?"

"पिवळं. लाल-पिवळं."

"आखीन कोन हाय तिथं?"

"कोणीच नाही."

"माय हाय का?"

परीचा चेहरा बदलला. ओठ बाहेर आले. डोळे मिटलेलेच होते, हात मात्र हवेत काहीतरी शोधायला लागला. फुलाताई जांभळ्या साडीत नव्हत्या, साध्या पांढऱ्या साडीत होत्या. त्यांनी तो हात धरला.

"हे पाह्य. सापडली."

परीने डोळे उघडले आणि ओरडली. वलगावच्या वर्गात केशरी पट्ट्यावर मुलं ओरडली होती ना, तशीच. मग म्हणाली, "पुन्हा हरव ना आजी!"

फुलाताई माझ्याकडे बघून हसल्या. "छापलेलं फसलं मास्तर, पन आपल्याले काय, ऊन तं हाय ना. ऊन काई फसत नाई."

आता खरं सांगतो, कारण सांगायलाच बसलो आहे. त्या क्षणी मला आधी पश्चात्ताप झाला नाही. आधी हेवा वाटला. तोच चिमटा, त्याच जागी. मी त्यांचा कागद घेतला, रंग मारला, नाव जाऊ दिलं, डोळ्यांवरचा विश्वास घालवला, आणि या बाईने मुलीच्या मिटलेल्या पापणीत तेच पान पुन्हा रंगवून दाखवलं, ब्रशसुद्धा हातात न घेता. मला ते जन्मात सुचलं नसतं. पश्चात्ताप नंतर आला, मूर्तिजापूरच्या पुढे, परतीच्या गाडीत. पिशवी मांडीवर होती आणि पुठ्ठ्याच्या कडेने पिवळ्याची बारीक रेघ दिसत होती.

फुलाताई आजही समजतात की ऊन खरं होतं आणि त्यांचा डोळा खोटा होता. परीला गोष्ट सांगताना ते पान त्या अजून लपवतात. लाज त्यांना वाटते, आणि ती माझी आहे.

त्यांचं पान माझ्याकडे आहे. ते मला त्यांच्या हातात द्यायचं आहे, दिवसाउजेडी, परीच्या समोर. ते देताना मला सांगायचं आहे की ताई, तुमच्या डोळ्यात काही दोष नव्हता, पिवळा कागदावरच होता, मी तो मारला. पुढच्या आवृत्तीत ते पान जसं होतं तसं छापायचं आहे, आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव पहिलं.

यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.